पडद्यासाठी घडवलेली मडकी

द्वितीय वर्ष कला (इतिहास)

‘कुंभाराची सून कधी तरी उकिरड्यावर येणारच’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. माणूस कितीही लपूनछपून राहिला तरी केव्हा ना केव्हा त्याला समोर यावेच लागते, असा तिचा अर्थ शाळेत सांगितला जातो. पण कुंभाराच्या सुनेने उकिरड्यावर का यावे, हे मात्र कोणी सांगत नाही. मी कुंभाराची मुलगी आहे, म्हणून सांगते. मडकी भाजावयास राख, शेणकूट, पालापाचोळा, काडीकचरा लागतो आणि तो उकिरड्यावर मिळतो. म्हणजे म्हणीतली ती सून उघडी पडलेली नसते. ती कामावर आलेली असते.

महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘व्यापार’ असे लिहिले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकणारी मी पहिलीच. आपण काय लिहिले आणि का लिहिले, याचा विचार तेव्हा मी केला नाही. तो विचार या वर्षी करावा लागला. दिवाळीनंतर आमच्याकडे एका ऐतिहासिक चित्रपटासाठी मातीची भांडी घडवण्याचे काम आले. त्या महिनाभरात मी जे पाहिले, लिहून ठेवले आणि चुकता चुकता शिकले, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. पडद्यावर दोन क्षण दिसणाऱ्या मडक्यामागे किती विद्या असते, हे वाचकांना कळावे एवढाच हेतू.

१. चित्रपट आणि कारागीर

कोल्हापूरला चित्रपटाचे वेड नवे नाही. बाबूराव पेंटर यांनी येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. पुढे 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनीही येथेच स्थापन झाली आणि 1933 मध्ये ती पुण्यास गेली. बाबूराव कारागिराच्या घरातले. चित्रकला, शिल्पकला, सुतारकाम आणि यंत्रकाम या सर्वांत त्यांचा हात चाले. छायाचित्रणाचा कॅमेराही त्यांनी स्वतः खटपट करून तयार केला. तेव्हा चित्रपट ही केवळ नटनट्यांची कला नसून हातांनी काम करणाऱ्यांचीही कला आहे, हे या गावाने फार पूर्वी पाहिले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या गल्लीत मात्र आता भांडी घडवणारे थोडेच उरले आहेत. प्लॅस्टिकच्या घागरी आल्या, घरोघर नळ आले, फ्रिज आले. बहुतेक घरांचे वर्ष गणपतीच्या मूर्तींवर चालते. त्याच्या जोडीला बेंदराचे बैल, दिवाळीच्या पणत्या आणि संक्रांतीची सुगडी. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, उन्हाळ्यात थोडे माठ करतात. आजोबांचे लाकडी चाक भिंतीला टेकवून ठेवलेले आहे. आबा विजेच्या चाकावर बसतात.

२. मागणी काय होती

कलादिग्दर्शन विभागातील एक तरुण साहाय्यक आमच्याकडे आले. त्यांच्या मोबाईलमध्ये चित्रे होती. चित्रपट सातवाहनकाळातील, म्हणजे सुमारे 2000 वर्षांपूर्वीचा. त्यांना 160 नग हवे होते : 60 वाडगे, 40 परळ, 36 मडकी, 4 रांजण, आणि एका प्रसंगात आपटून फोडण्यासाठी 20 मडकी. मुदत 30 दिवसांची. तिसरा हिस्सा रक्कम आगाऊ मिळाली. बाकीचे सर्व तोंडी ठरले.

हे काम घेतले तर संक्रांतीची सुगडी करता येणार नव्हती. आमची ठरलेली गिऱ्हाइके दुसरीकडे जाणार, हे दिसत होते. तरीही आबांनी होकार दिला. आजीने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “गणपतीच्या साच्यात माती दाबून दाबून हात मुका झालाय. जरा बघू तरी, येतंय का अजून.”

अडचण वाडग्यांची होती. चित्रातले वाडगे आतून आणि काठाला काळे होते, बाहेरून खाली तांबडे. साहाय्यक म्हणाले, “आतून काळा ऑइलपेंट मारा. पडद्यावर कुणाला कळतंय?” आबांनी वाडगा हातात धरल्यासारखा ओठांशी नेला आणि विचारले, “ह्यातनं कुणी पिणार हाय का?” नायक पेज पिणार होता. “मग पेंटाच्या भांड्याला माणसानं तोंड कसं लावायचं?” यावर साहाय्यकांना उत्तर सुचले नाही. शिवाय ऑइलपेंट दिव्याखाली चमकतो, हे त्यांनी स्वतःच नंतर कबूल केले. ते भले गृहस्थ होते. त्यांच्यामागे घाई लागलेली होती, इतकेच.

३. वस्तुसंग्रहालयातील एक दुपार

आमच्या अभ्यासक्रमात प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास आहे. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945–46 मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केले व तेथे सातवाहनकाळातील वसाहत उजेडात आली, हे मी परीक्षेसाठी पाठ केलेले होते. ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. त्या काळी पश्चिमेच्या देशांशी आपला व्यापार होता, याची ती साक्ष. या टेकडीपासून आमचे घर चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. पण आबा त्या संग्रहालयात कधीच गेले नव्हते. कोल्हापुरात जन्म घेऊन पन्नास वर्षे झाली, तरी नाही. मीच त्यांना घेऊन गेले.

पोसायडनपाशी ते फार थांबले नाहीत. जुन्या मातीच्या भांड्यांपाशी मात्र काचेला नाक लावून उभे राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग एका तुकड्याकडे बोट करून म्हणाले, “हे चाकावर वढलंय. आतल्या रेघा बघ. आन् ह्ये दुसरं, ह्येचं बूड मागनं थापटलंय.” मी विचारले, कशावरून? ते म्हणाले, “बोटाची रेघ गोल जाती. थापटण्याची खूण अशी, खवल्यावानी पडती.”

पुस्तकात त्या भांड्यांचे वर्णन मी वाचले होते, पण त्या रेघा मला दिसल्या नव्हत्या. सर्व नोंदी वाचूनही मी जे पाहू शकले नाही, ते एकही नोंद न वाचता आबांनी पाहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कुंभाराने काय केले, हे ते असे सांगत होते, जणू तो शेजारच्या घरात बसून काम करतो आहे. माझ्या अर्जावरील ‘व्यापार’ हा शब्द मला त्या वेळी आठवला.

४. माती आणि माप

गणपतीची शाडू माती वेगळी. त्या मूर्ती भाजावयाच्या नसतात. भांड्याला तळ्याच्या गाळाची चिकट माती लागते. ती वाळवायची, कुटायची, भिजवायची, चाळायची आणि मग तिच्यात चाळलेली राख व घोड्याची लीद मिसळून तुडवायची. लीद कशासाठी, असे अनेकांना वाटेल. लिदीतील बारीक तंतू भाजताना जळून जातात आणि मातीत सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यामुळे आतील वाफेला वाट मिळते आणि भांडे तडकत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. ओले भांडे वाळून आणि भाजून आक्रसते. आमच्या मातीत हे आक्रसणे साधारण दहावा हिस्सा. म्हणजे 9 इंच तोंडाचा वाडगा हवा असेल तर तो ओला असताना 10 इंचांचा घडवावा लागतो. चित्रपटवाल्यांनी दिलेली मापे तयार वस्तूंची होती. ती सर्व वाढवून मी वहीत तक्ता केला आणि आबांनी बांबूच्या काड्या त्या मापाने कापून घेतल्या. माझ्या गणिताचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

मडक्याची घडण दोन टप्प्यांत होते. चाकावर तोंड, मान आणि जाड अंग ओढून घेतात. ते थोडे आवळले की आत एका हाताने गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत पोट फुगवतात आणि बूड गोल करतात. यामुळे माती घट्ट होते, भांडे पातळ आणि हलके होते. साच्यातील मडके गुळगुळीत असते. त्यावर प्रकाश पडला की तो सरळ घसरून जातो. थापटलेल्या मडक्यावर तो जागोजागी अडतो. साहाय्यकांनी दोन्ही प्रकारची मडकी दिव्यासमोर ठेवून मला हे दाखवले. हाताच्या खुणा म्हणजे दोष नव्हेत, हे एरवी सांगूनही पटत नाही. तेथे ते डोळ्यांनी दिसले.

५. काळे आणि तांबडे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एकाच भांड्याला दोन रंग कसे येतात?

आपल्याकडील मातीत लोह असते. भाजताना भरपूर हवा मिळाली तर लोहाचा प्राणवायूशी संयोग होऊन भांडे तांबडे होते. हवा कोंडली तर धुराची काजळी मातीच्या छिद्रांत मुरते, लोहही काळसर पडते आणि भांडे काळे होते. वाडगा पालथा घालून आत भुसा भरला तर आतील बाजूस हवा मिळत नाही, बाहेरील बाजूस मिळते. म्हणून आत काळे आणि बाहेर तांबडे. अभ्यासकही या भांड्यांची उपपत्ती साधारण अशीच सांगतात. हे मी आबांना पुस्तकातून वाचून दाखवले. आजी म्हणाली, “माझ्या माहेरी दह्याची भांडी काळी करायची. आवा मातीनं लिंपायचा, वलं शेण लावायचं. पर आवा उघडायची घाई करायची न्हाई.” तिच्या बोलण्यातील शेवटच्या वाक्याकडे आमचे लक्ष गेले नाही.

पहिल्या आव्यात आम्ही 30 वाडगे लावले. त्यांत गवत भरून ते पालथे घातले, भोवती शेणकुटे, पाचोळा, लाकडे रचली, वरून खापरे आणि मातीचा लेप दिला. आवा संध्याकाळी पेटवला. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा माणूस नमुना पाहण्यासाठी आला. त्याला त्याच दिवशी परत जायचे होते. आबांनी आवा एका बाजूने फोडला आणि गरम वाडगा चिमट्याने उलटा केला. आतून तो काळाभोर होता. आम्ही सारे आनंदलो. आणि बघता बघता, आमच्या डोळ्यांदेखत, तो काळा रंग काठाकडून उडत गेला. भांडे धगधगीत असताना वारा लागला की मुरलेली काजळी जळून जाते. 30 पैकी 9 वाडगे हाती लागले. काही भुरकट झाले, काही थंड वाऱ्याने तडकले.

आबा रात्री जेवले नाहीत. मुदतीचे 13 दिवस उरले होते. कंपनीचा माणूस पुन्हा ऑइलपेंटची गोष्ट काढून गेला होता.

दुसऱ्या आव्याची सूत्रे आजीने हाती घेतली. जमिनीवर भुसा आणि शेणाच्या भुकटीचा थर पसरून वाडग्यांचे काठ दोन बोटे त्यात रुतवले, कारण पहिल्या खेपेस काठाखालून हवा शिरली होती. आत गवताऐवजी भुसा दाबून भरला. 55 वाडगे लावले. आवा विझल्यावर आजी त्याच्याजवळ गोधडी टाकून बसली आणि दोन रात्री तिने कोणाला हात लावू दिला नाही. कंपनीचा फोन आला की ती मला म्हणे, “सांग त्येला, भाजतंय म्हणून.” तिसऱ्या दिवशी सकाळी आव्याची राख हाताला कोमट लागली, तेव्हा तिने परवानगी दिली. 51 वाडगे चांगले निघाले. पहिले 9 धरून बरोबर 60. आबांनी एक वाडगा बोटाने वाजवला. चांगले भाजलेले भांडे ‘टण्’ वाजते. तो वाजला.

६. सारखी मडकी आणि फुटायची मडकी

चित्रपटातील मडक्याला दोन अटी असतात, ज्या घरच्या मडक्याला नसतात.

पहिली, ते दुसऱ्या मडक्यासारखे असावे लागते. एकच दृश्य अनेक वेळा चित्रित होते. मधेच मडके फुटले तर त्याच्या जागी तसेच दुसरे हवे. मागल्या क्षणी दिसलेली वस्तू पुढल्या क्षणी तशीच दिसावी, याला ते लोक कंटिन्युइटी म्हणतात. नायिकेच्या कमरेवरील मडक्याच्या पोटावर आगीचा एक काळा डाग पडला होता आणि तो दिग्दर्शकांना फार आवडला. त्यांना तसाच डाग असलेली आणखी तीन हवी होती! आग काही आमचे ऐकत नाही. शेवटी भाजलेली सर्व मडकी ओळीने मांडून जवळजवळ सारखी तीन निवडली, आणि डागाची कड काजळी व थोडे तेल चोळून मिळवून घेतली. अशा वेळी कलाकार मडक्यात पाणी भरत नाही, किंवा तळाशी थोडेच भरतो. पूर्ण भरलेले मडके कमरेवर घेऊन दहा वेळा तीच वाट चालणे कोणाला जमणार? ते आमच्या आज्यांनाच जमत असे.

पेजेच्या वाडग्यांची आणखी एक तयारी करावी लागली. साधे भाजलेले भांडे पाझरते. म्हणून ते वाडगे रात्रभर पाण्यात ठेवून मग त्यांत तांदळाची पेज उकळली. पिठूळ पाणी छिद्रांत बसते आणि पाझर कमी होतो. नवे मातीचे भांडे घरात आणल्यावर आपल्या आया हेच करीत आल्या आहेत.

दुसरी अट याहून चमत्कारिक. काही मडकी फुटण्यासाठीच घडवायची. आबांनी जन्मभर न फुटणारे मडके करण्याचा प्रयत्न केला. आता पहिल्याच आपटीत फुटणारे करायचे होते. पण तेही कसेही फुटून चालत नाही. धारदार खापरी उडाली तर नटाला लागेल. म्हणून अशी मडकी कमी भाजायची, म्हणजे तुकड्यांच्या कडा बोथट राहतात. मान जाड ठेवायची, कारण नट तेथे धरतो. पोट पातळ करायचे आणि माती आवळत असताना आतून सुरीने उभ्याआडव्या रेघा ओढायच्या, म्हणजे मडके त्या रेघांवर उकलते. वाईट मडके घडवण्यासाठीही चांगला कुंभार लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

७. हिशेब

माल वेळेवर गेला. चित्रीकरणाच्या जागी आबांना एक दिवस बोलावले होते, तेव्हा मीही गेले. फोडण्याचे दृश्य तीन मडक्यांतच मनासारखे झाले आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या.

उरलेले पैसे दोन महिन्यांनी आले आणि कमी आले. चौकशी केली तेव्हा सांगण्यात आले की चित्रीकरणात न वापरलेल्या 22 नगांचे पैसे वजा केले आहेत. त्या 22 मध्ये फोडण्याच्या मडक्यांपैकी उरलेली 17 होती. ती परतही पाठवली होती. आबा शांतपणे म्हणाले, “मडकं फुटलं म्हणून पैसे कापणारं गिऱ्हाईक आजवर बघितलंय. न्हाई फुटलं म्हणून कापणारं ह्येच पयलं.” ती 17 मडकी विकताही येत नाहीत. ती फुटण्यासाठी केलेली आहेत. पाण्याने भरून कोणाच्या घरी दिली तर आमचे नाव जाईल. आजीने त्यांत मिरचीची रोपे लावली आहेत.

आमच्याजवळ लेखी काहीच नव्हते. भांडायचे कशावर? या अनुभवातून मी वहीत काही मुद्दे लिहिले आहेत. हातकाम करणाऱ्या घरांतील जे विद्यार्थी हा अंक वाचतील, त्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून ते देते :

(अ) मागणी लेखी घ्यावी. त्यात नग, माप, रंग, मुदत आणि दर वेगवेगळे लिहून दोघांच्या सह्या असाव्यात.

(आ) पैसे वापराचे नव्हेत, घडवण्याचे ठरवावेत. वस्तू वापरली की नाही हा घेणाऱ्याचा प्रश्न.

(इ) तडकणारा माल दरात धरावा. आम्ही 160 नग देण्यासाठी 214 घडवले. वरच्या 54 ची माती, जळण आणि मजुरी कोणाच्याच हिशेबात आली नाही.

(ई) नमुन्याचा आवा वेगळा मागावा व त्याचे पैसे वेगळे घ्यावेत.

(उ) भांडे थंड होण्याचे दिवस मुदतीत धरावेत. ते दिवस रिकामे नसतात. त्याच दिवसांत काळे काळे राहते.

यांतील एकही मुद्दा आबांना घडवण्याबद्दल काही शिकवीत नाही. ते शिकवण्याची माझी योग्यता नाही. पण दरपत्रक लिहिणे, बिल करणे, पत्र लिहिणे हे मला येते. चाकावर बसण्यास मी शिकलेले नाही. आमच्यात मुलींना चाकावर बसवत नसत. तेव्हा माझा शिक्षणाचा वाटा वहीच्या बाजूने सुरू झाला, असे समजते. सुटीत मात्र चाकाचा हट्ट धरणार आहे.

समारोप

तो चित्रपट अजून प्रदर्शित व्हायचा आहे. आमचे वाडगे त्यात किती वेळ दिसतील, कोण जाणे. कदाचित नायकाच्या चेहऱ्यामागे ते अंधुक होतील. प्रेक्षकांतील कोणी त्यांच्याकडे पाहीलच असे नाही. पण समजा, दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्रह्मपुरीचा कुंभार त्या अंधारात येऊन बसला, तर त्याने ते वाडगे आपले म्हणून ओळखावेत, इतके ते खरे आहेत. याचे श्रेय पुस्तकातील एका परिच्छेदाला, आबांच्या हातांना आणि आजीच्या दोन रात्रींना समसमान आहे.

आपल्या महाविद्यालयात शेतकऱ्यांची, सुतारांची, चांभारांची, विणकरांची, गवंड्यांची मुले शिकतात. आपल्या घरात जी विद्या आहे ती पुस्तकात नाही म्हणून कमी आहे, असे आपण समजतो. निदान मी समजत होते. तिला लिहून ठेवणारे कोणी नव्हते, एवढेच खरे. ते काम आपले आहे.

पुढील वर्षाचा प्रवेश अर्ज जूनमध्ये भरावयाचा आहे. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात या वेळी ‘कुंभारकाम’ असे लिहीन.  ग्रंथालयातून घरी नेलेल्या पुस्तकावर मातीची बोटे उमटली आहेत, त्याबद्दल क्षमा असावी.